पित्ताची वाट

आमच्या घरीं मासळी साफ करण्याचा मान आईचा. तिला आतां शहाऐंशीवें वर्ष चालू आहे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले, गुडघे कुरकुरतात. तरी सकाळीं बाजारांतून इसवण किंवा मोरी घरांत आली कीं मागीलदारीं आदोळीवर बसण्याचा हक्क ती सुनांच्या हातीं जाऊं देत नाहीं. कारण विचारलें तर ती एकच सांगते. माशाचें पोट फाडलें म्हणजे काळजाला चिकटलेली एक इवलीशी हिरवी पिशवी दिसते. ती अखंड निघाली पाहिजे. "ती फुटली तर सगळो मासो कडू जातलो," हें वाक्य मी पांच वर्षांचा असल्यापासून ऐकत आलों आहें. एकदां माझ्या धाकट्या बहिणीच्या हातून ती फुटली. आईनें कांहीं न बोलतां तुकडे तीन वेळां धुतले, कोकमाचें आगळ चोळलें, कालवण केलें. आणि तरीही पहिल्या घांसाबरोबर वडिलांनीं ताट बाजूस सारलें. एवढ्याशा थेंबानें एवढा मोठा मासा वायां जातो, या गोष्टीचें मला त्या वयांत विलक्षण नवल वाटलें होतें.

पुढें मी शाळामास्तर झालों. मालवणांतील एका शाळेंत तीस वर्षें मीं विज्ञान शिकविलें, आणि तेवढ्या अवधींत पचनसंस्थेचें चित्र फळ्यावर किती वेळां काढलें असेल याची गणती नाहीं. यकृत मी गेरूच्या रंगाच्या खडूनें काढीत असें. त्याच्या पोटाशीं हिरव्या खडूची पिशवी, आणि पिशवीपासून निघून लहान आंतड्यापर्यंत जाणारी एक हिरवी रेघ. मुलांना सांगावयाचें, "यकृतांत पित्त तयार होतें, पित्ताशयांत सांठतें, नळीवाटे आंतड्यांत उतरतें आणि स्निग्ध पदार्थांच्या पचनास मदत करतें." परीक्षेंत याला दोन गुण. त्या गेरूच्या डागांत आंत काय असतें, पित्त 'तयार होतें' म्हणजे नक्की कोठें होतें, आणि पिशवीपर्यंत येतें तें कोणत्या वाटेनें, हें मला कोणा मुलानें कधीं विचारलें नाहीं. मीही स्वतःला विचारलें नाहीं. माझें चित्र त्या डागाच्या कडेशीं संपत असे.

जातां जातां एक गोष्ट सांगून ठेवतों. आपल्या भाषेंत 'काळीज' या शब्दाचे दोन मालक आहेत. कवि त्याचा अर्थ हृदय असा करतो आणि खाटीक यकृत असा. या वादांत खाटकाची बाजू खरी. अमरकोशांत यकृतास 'कालखंड' असा पर्याय दिलेला आहे. काळसर मांसाचा गोळा तें काळीज. हृदय कांहीं काळें नसतें. तेव्हां आपण पोराला 'काळजाचा तुकडा' म्हणून पोटाशीं धरतों त्या वेळीं शब्दशः त्याला यकृताचा तुकडा म्हणत असतों. शाळेंत हें सांगितलें म्हणजे वर्गांत हंशा पिकत असे. आतां मी तें सांगत नाहीं.

२०१९ सालच्या पावसाळ्यांत माझी पुतणी बाळंतपणासाठीं माहेरीं आली. आषाढ सरतां सरतां तिला मुलगा झाला. पावणेतीन किलो वजनाचा, खणखणीत आवाजाचा. सटवीची पूजा झाली, बारसें झालें. तिसऱ्या दिवशीं त्याचें अंग पिवळसर दिसूं लागलें तेव्हां मीच सर्वांना धीर दिला होता. नव्यानें जन्मलेल्या मुलांपैकीं निम्म्याहून अधिक मुलें पहिल्या आठवड्यांत थोडीफार पिवळीं होतात. गर्भांतल्या जुन्या रक्तपेशी मोडत असतात, आणि त्यांतून निघणारा पिवळा रंग उपसतांना कोंवळ्या यकृताला दम लागतो. आठ-पंधरा दिवसांत रंग उतरतो. हें सारें खरेंच होतें. मुलाचा रंग थोडा उतरलाही. पुरता मात्र उतरला नाहीं.

एकविसाव्या दिवशीं सकाळीं आई माझ्या खोलीच्या दारांत येऊन उभी राहिली. तिच्या हातांत मुलाचा लंगोट होता.

"ह्यां बघ रे. पोराच्या शीयेक रंग नाय."

मीं पाहिलें. तांदळाच्या खळीसारखा पांढुरका, किंचित मळकट असा तो रंग होता.

"नुसत्या दुधार आसा तो. आणखी कसलो रंग येतलो?"

"दुधार तुमीय होतास. हळदीसारखी व्हायची. आणि ह्याचा मूत बघ, कपडो पिवळो जाता."

अंगावर पिणाऱ्या मुलाची विष्ठा मोहरीसारखी पिवळी असते आणि लघवी पाण्यासारखी निर्मळ. या मुलाचें अगदीं उलट होतें. जो रंग खालीं आंतड्यांत उतरावयाचा तो उतरत नव्हता आणि मूत्रपिंडांच्या वाटेनें बाहेर पडत होता. सहा मुलें वाढविलेल्या बाईनें एका कपड्यावर एवढें सारें वाचलें होतें. मीं तिला जें उत्तर दिलें तें मला शब्दन् शब्द आठवतें. तें येथें लिहवत नाहीं; त्याचा मथितार्थ इतकाच कीं, विज्ञान तिनें मला शिकवूं नये.

मग चतुर्थी आली. मुंबईचे चाकरमानी गाड्या भरभरून आले. घरांत पंचवीस माणसें, गणपतीवर माटवी बांधावयाची, रात्रीं भजनें, दिवसा पाहुण्यांची पानें. या धांदलींत मुलाला एका डॉक्टरांना ओझरतें दाखविलें. त्यांनीं सकाळचें कोंवळें ऊन द्यावयास सांगितलें. मीही तेंच सांगत आलों होतों. तेव्हां माझें म्हणणें सिद्ध झालें असें मला वाटलें. भाद्रपदांत, दर्यावरून ढग लोटत असतांना, मालवणांत कोंवळें ऊन आणावयाचें कोठून, हा प्रश्न कोणाच्या मनांत आला नाहीं. मूल दूध पीत होतें, हंसत होतें, वजनानें भरत होतें. या आजाराचें कपट हेंच आहे, कीं पहिले दोन महिने मूल दिसावयास गुटगुटीत असतें.

अनंत चतुर्दशी होऊन दोन दिवस उलटले तेव्हां पुतणीच्या नवऱ्यानें कोणाचें न ऐकतां मुलाला एका बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलें. मी सोबत होतों. बाईंनीं मुलाला हात लावण्यापूर्वीं लंगोट पाहावयास मागितला, आणि विचारलें, "हा रंग कधींपासून आहे?" पुतणी माझ्याकडे पाहूं लागली.

रक्तांतला पित्ताचा रंग दोन प्रकारांनीं मोजतां येतो. एक भाग यकृताच्या हातांत अजून यावयाचा असतो. नवजात मुलाची निरुपद्रवी कावीळ ती ही. दुसरा भाग यकृतानें आपलें काम करून तयार ठेवलेला असतो, पण त्याला बाहेर पडावयास वाट सांपडलेली नसते. या मुलाच्या रक्तांत हा दुसरा भाग भलताच वाढला होता. त्याच रात्रीं कुडाळ स्टेशनावर आम्ही मुंबईच्या गाडींत बसलों. मुलाचा तो एकोणपन्नासावा दिवस.

मुंबईस पुढचे पंधरा दिवस तपासण्यांत गेले. मला तेथें कांहींच काम नव्हतें. एका तरुण निवासी डॉक्टरानें मजवर दया करून यकृतावरील एक जाडजूड ग्रंथ वाचावयास दिला, आणि रुग्णालयाच्या व्हरांड्यांतील बांकावर बसून वयाच्या साठीच्या आसपास मीं माझें अर्धवट राहिलेलें चित्र पुरें करावयास घेतलें.

यकृताचा तुकडा हातांत घेतला तर तो लोण्याच्या गोळ्यासारखा एकजीव वाटतो. प्रत्यक्षांत त्याच्याइतकी आखीव बागायत शरीरांत दुसरी नाहीं. एक-दोन मिलिमीटर रुंदीचे असंख्य षट्कोनी वाफे एकास एक लागून असतात. फ्रान्सिस कीर्नन यानें १८३३ मध्यें त्यांचें वर्णन केलें. वाफ्याच्या मध्यावर एक शीर असते आणि प्रत्येक कोपऱ्यावर तीन नळ्या एकाच वेष्टनांत गुंडाळलेल्या असतात. त्यांतली एक आंतड्यांकडून अन्नरस घेऊन आलेली रक्तवाहिनी, दुसरी ताज्या रक्ताची धमनी, आणि तिसरी पित्ताची नलिका. रक्त कोपऱ्याकडून आंत येतें, पेशींच्या रांगांमधून झिरपत मध्यावरच्या शिरेला मिळतें. पित्त मध्याकडून निघतें आणि कोपऱ्याकडे वाहतें. एकाच वाफ्यांत दोन प्रवाह, दोन विरुद्ध दिशांना! देवबागच्या टोंकाला भरतीच्या वेळीं उभें राहिलें कीं कर्ली नदी समुद्राकडे निघालेली आणि समुद्र नदींत शिरत असलेला असा देखावा दिसतो. पण तेथें गोडें आणि खारें पाणी मिसळतें. यकृतांत एका पेशीच्या जाडीचें अंतर राखून हे दोन प्रवाह जन्मभर शेजारून जातात आणि मिसळत नाहींत. मिसळले तर त्याचेंच नांव कावीळ.

आणि पित्ताची सर्वांत पहिली वाट कशी असते? मला वाटलें होतें, एखादी फार बारीक नळी असेल. ती नळीच नव्हे. आमच्याकडे दोन घरांचीं कौलारू छपरें एकमेकांस भिडतात तेथें मध्यें पन्हळ तयार होते. ती या घराचीही नसते आणि त्या घराचीही नसते. त्याचप्रमाणें दोन शेजारी यकृतपेशी एकमेकींस टेकतात तेथें दोघींच्याही अंगावर एकेक खांच असते. दोन खांचा समोरासमोर आल्या कीं झाली वाट. तिला स्वतःची भिंत नाहीं. रुंदी म्हणाल तर मिलिमीटरचा सुमारें एक हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस हिच्या सत्तर-ऐंशी पट जाड भरेल. खांचेच्या दोन्ही कडा पेशींनीं अशा घट्ट शिवून टाकलेल्या असतात कीं पित्ताचा अंशही रक्ताच्या बाजूस जाऊं नये. या पन्हळी पेशीपेशींमधून जाळ्यासारख्या पसरतात आणि वाफ्याच्या कडेशीं येऊन एका चमत्कारिक नाल्यांत शिरतात. या नाल्याची एक बाजू यकृतपेशींची आणि दुसरी बाजू नलिकेच्या पेशींची. गांवाच्या शिवेवरचा पाट अर्धा या गांवच्या जमिनींत आणि अर्धा त्या गांवच्या जमिनींत असावा तसा. एवाल्ड हेरिंग या शास्त्रज्ञाचें नांव त्याला मिळालें आहे. यकृताला मोठी इजा झाली कीं नव्या पेशी घडविणारें बियाणें याच शिवेवर सांपडतें, असें अलीकडचे संशोधक मानतात.

येथून पुढें खरी नळी लागते. चौकोनी पेशींचा एकच थर, आंत केसाएवढीही नसलेली पोकळी. या पेशी नुसत्या भिंतींतल्या विटा नव्हेत. त्या पित्तांत पाणी आणि क्षार घालून तें पातळ करतात, आणि प्रत्येकीवर असलेल्या एका सूक्ष्म केसानें प्रवाहाचा वेग चांचपून पाहतात. यकृतपेशींना आंतड्यांकडून आलेलें रक्त चालतें. नलिकांना मात्र धमनीचें ताजें रक्तच लागतें. अशा बारीक नळ्या एकींत एक मिळत जातात, शेवटीं उजवी आणि डावी अशा दोन उरतात, त्यांची यकृताच्या दाराशीं एक होते; आणि तेथें कोठें माझी फळ्यावरची हिरवी रेघ सुरू होते! रोज पाऊण लिटरच्या आसपास पित्त या वाटेनें उतरतें. मीं तीस वर्षें मुलांना खाडीचें मुख दाखविलें आणि नदी सांगितलीच नाहीं.

आपल्या पूर्वजांना हें कां दिसलें नाहीं, असा विचार त्या बांकावर बसून माझ्या मनांत आला. सुश्रुतानें शवपरीक्षेची रीत सांगितली आहे. प्रेत गवताच्या किंवा तागाच्या वेष्टनांत गुंडाळून आडजागीं प्रवाहांत ठेवावें, सात रात्रींनंतर बाहेर काढावें, आणि वाळ्याच्या वा बांबूच्या कुंचल्यानें हळूहळू घांसत एकेक थर डोळ्यांनीं पाहावा. त्या काळाचा विचार करतां ही रीत थोर धाडसाची होती. परंतु सात रात्री पाण्यांत राहिलेल्या यकृतांत पाहण्यासारखें काय उरणार? शरीरांत जे अवयव लवकर कुजतात त्यांतला हा एक. युरोपांतही पित्त यकृतच निर्माण करतें, पिशवी नव्हे, हें माल्पीगीनें १६६६ मध्यें दाखवीपर्यंत गोंधळच होता. सुश्रुताचें एक म्हणणें मात्र मला फार आवडलें. यकृत आणि प्लीहा यांच्या ठिकाणीं राहणारें 'रंजक' पित्त अन्नरसाला लाल रंग देतें, म्हणजे पित्तामुळें रक्त रंगतें, असें तो सांगतो. आजचें शास्त्र उलट सांगतें. रक्ताच्या जुन्या पेशी मोडून निघालेल्या रंगानें पित्त रंगतें. रंगाचें आणि रक्ताचें कांहीं तरी नातें यकृतांत आहे एवढें त्याला कळलें होतें. दिशा तेवढी चुकली. दिशा चुकणें म्हणजे काय, याचा मला त्या दिवसांत पुरेपूर अनुभव येत होता.

गर्भांत या नलिका कशा घडतात तें वाचून तर मीं पुस्तक मिटून ठेवलें. पोटांतील मूल दोन महिन्यांचें होतें त्या सुमारास यकृतांतल्या रक्तवाहिनीच्या प्रत्येक फांदीभोवतीं पेशींची एक दुहेरी बाही तयार होते. मग त्या बाहींत दोन-चार ठिकाणीं पोकळ्या पडतात. त्या पोकळ्या नलिका म्हणून राहतात आणि बाकीची सारी बाही विरून जाते. हें काम यकृताच्या दारापासून सुरू होऊन बाहेरच्या कडेकडे सरकत जातें आणि मूल जन्मतें तेव्हांही अगदीं कडेच्या फांद्यांवर तें पुरें झालेलें नसतें. म्हणजे आम्ही बारशाचे पेढे वांटीत होतों तेव्हां आमच्या मुलाच्या काळजांत एकीकडे वाटा पाडल्या जात होत्या आणि दुसरीकडे बुजत होत्या.

आजाराचें नांव बिलिअरी अट्रेसिया. दहा-पंधरा हजार जन्मांत एखाद्या मुलाला तो होतो. यकृताबाहेरची पित्तनलिका सुजते, सुकते आणि नुसता तंतूचा दोर होऊन राहते. मागें तुंबलेलें पित्त यकृताला आंतून जाळतें. उपाय न केल्यास बहुतेक मुलें दुसरा वाढदिवस पाहत नाहींत. एके काळीं शल्यवैद्य असें पोट उघडीत, जोडण्याजोगी नळी शोधीत, आणि बहुधा ती न सांपडल्यामुळें पोट पुन्हां शिवून टाकीत. जपानांत सेंदाई येथील तोहोकु विद्यापीठांतले मोरिओ कासाई यांनीं १९५० नंतरच्या दशकांत निराळें धाडस केलें. त्यांनीं तो सुकलेला दोर यकृताच्या अगदीं दारापर्यंत कापून काढला आणि त्या उघड्या जखमेवर आंतडेंच आणून शिवलें. डोळ्यांना तेथें एकही नळी दिसत नव्हती. तरी कांहीं मुलांच्या विष्ठेला रंग आला! कारण दाराशीं असलेल्या त्या तंतूंत सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणाऱ्या नलिका अजून उघड्या होत्या. त्यांना वाट करून देतांच पित्त पाझरूं लागलें. कासाईंनीं हें १९५९ मध्यें जपानी भाषेंत प्रसिद्ध केलें. इंग्रजी वाचणाऱ्या जगाकडे त्यांचा सविस्तर निबंध १९६८ मध्यें आला. मधल्या वर्षांत जगभर किती पोटें उघडून पुन्हां शिवलीं गेलीं असतील, हा विचार मनांत आला कीं भाषा ही केवढी मोठी भिंत आहे तें कळतें.

पण त्या सूक्ष्म नलिका वाट पाहत नाहींत. आठवड्यागणिक त्या बुजत जातात. साठ दिवसांच्या आंत शस्त्रक्रिया झाली तर यशाचा संभव अधिक, असें पुस्तकांत स्वच्छ छापलेलें होतें. आमचें मूल टेबलावर गेलें तो त्रेसष्टावा दिवस होता. आईनें लंगोट दाखविला तो एकविसावा. मधल्या बेचाळीस दिवसांचा हिशेब कसाही मांडला तरी त्यांतले बहुतेक दिवस माझ्या नांवावर पडतात. डॉक्टरांनीं पुतणीला, "तीन दिवसांनीं आभाळ कोसळत नाहीं," असें सांगितलें. मला कोणी कांहीं सांगितलें नाहीं.

शस्त्रक्रियेनंतर चार दिवसांनीं मीं विकृतिशास्त्र विभागांतील एका तरुण डॉक्टर बाईंना विनंति केली, कीं मी विज्ञानाचा जुना मास्तर आहें, मला एकदां पाहूं द्या. त्यांनीं हंसून खुर्ची पुढें केली. प्रथम मला नुसती गुलाबी रांगोळी दिसली. मग त्यांच्या सांगण्यावरून नजर बसली. वाफ्याच्या कोपऱ्यावर, जेथें एखादी नलिका असावयाची, तेथें वांकड्यातिकड्या नलिकांची गर्दी झाली होती. वाट बंद झाल्यावर शरीर घाबरेपणानें दहा नव्या वाटा खणूं लागतें, त्या त्या. कित्येकींत हिरवट तपकिरी बोळा बसलेला. भोंवतीं फिकट तंतूंचे पट्टे. दुसऱ्या कांचेवर यकृताच्या दाराशीं कापलेला तो दोर होता. त्यांत मोजून सात-आठ गोल भोंकें. "या बघा, या उघड्या आहेत," बाई म्हणाल्या. त्यांचा व्यास दीडशे मायक्रॉनच्या वर असला, म्हणजे दोन केस शेजारीं ठेवावे एवढा, तर पित्त चांगलें वाहील अशी आशा धरतात. आमच्या मुलाची सर्वांत मोठी वाट त्याच्या अलीकडे होती. मीं आणखी कांहीं विचारलें नाहीं. डोळा मात्र त्या नळकांड्याला लावून पुष्कळ वेळ बसलों. माझ्या उभ्या आयुष्यांत पित्तनलिका मीं प्रथम पाहिली ती ही.

त्यानंतरचे दिवस आम्हीं लंगोट पाहण्यांत घालविले. पांढरा, पांढरा, पांढरा. आठव्या दिवशीं पहाटे पुतणीनें मला धर्मशाळेंतून बोलावून घेतलें. कपड्यावर शेवाळासारखा हिरवा डाग होता. जगांतल्या कोणत्याही चित्रकारानें असा रंग काढलेला नाहीं, असें मला त्या क्षणीं वाटलें, आणि आजही त्यांत फारशी दुरुस्ती करावीशी वाटत नाहीं. मीं मालवणास फोन लावला.

"आये, रंग इलो."

"खंयचो?"

"हिरवो."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरा झाला. हळूहळू हळदीचो येतलो." त्या बेचाळीस दिवसांचा उल्लेख तिनें तेव्हां केला नाहीं आणि आजवर केलेला नाहीं.

मुलगा आतां सहा वर्षांचा आहे. डोळे पांढरे स्वच्छ आहेत. पण येथें गोष्ट गोड झाली असें म्हणून वाचकांची फसवणूक करणें मला बरें वाटत नाहीं. आंतडें थेट यकृताला जोडलेलें असल्यामुळें जंतु वर चढतात. दोनदां कडक ताप येऊन त्याला मुंबईस न्यावें लागलें. प्लीहा हाताला लागते. जीवनसत्त्वांचीं औषधें रोज चालू आहेत. अशी शस्त्रक्रिया झालेल्या मुलांपैकीं निम्म्याहून अधिक मुलांना पुढें केव्हांतरी यकृत बदलावें लागतें. अमेरिकेंत डेन्व्हर येथें १९६३ मध्यें थॉमस स्टार्झल यांनीं यकृत बदलण्याचा पहिला प्रयत्न केला तो याच आजाराच्या मुलावर. तें मूल टेबलावरच गेलें. आपल्या देशांत १९९८ मध्यें दिल्ली येथें लहान मुलांतलें जें पहिलें यकृतारोपण यशस्वी झालें तेंही याच आजाराच्या, दोन वर्षांच्या आंतल्या मुलावर. त्याच्या बापानें आपल्या यकृताचा तुकडा दिला होता. तो मुलगा पुढें स्वतः डॉक्टर झाला. यकृताचे आठ भाग असतात आणि प्रत्येकाला आपापली रक्तवाहिनी व आपापली पित्तनलिका असते, हें क्लोद कुइनो यानें १९५७ मध्यें मांडलें. त्यामुळेंच बापाच्या काळजाचा तुकडा हिशेबानें कापून पोराला देतां येतो, आणि बापाचें उरलेलें यकृत थोड्याच महिन्यांत भरून येतें. आमच्या मुलाच्या आईबापांचे रक्तगट लिहून ठेवलेले आहेत. त्याविषयीं घरांत कोणी बोलत नाहीं.

तैवानांत २००४ सालापासून नव्या बाळंतिणीच्या हातीं विष्ठेच्या रंगांचें एक छोटें पत्रक देतात. कोणते रंग चांगले आणि कोणते रंग दिसतांच धांवत जावें, तें त्यावर चौकोनांत छापलेलें असतें. त्यामुळें तेथें हीं मुलें लवकर हातीं येऊं लागलीं. मीही निवृत्तीच्या रिकामपणांत जाड कागदावर असे चौकोन रंगवूं लागलों आहें. आळींत कोणाकडे पाळणा हलला कीं एक नेऊन देतों. बायका तोंडाला पदर लावून हंसतात, मास्तरांना म्हातारपणीं हें काय सुचलें म्हणून. पण कागद टाकून देत नाहींत. रंग पसंत करण्याचें काम आईकडे आहे. पहिल्या खेपेस तिनें माझे चार चौकोन परत पाठविले. "ह्यो पांढरो नाय. ह्येच्यात वायच धूर घाल," असें ती म्हणाली, आणि तिचें म्हणणें बरोबर होतें.

गेल्या रविवारीं इसवण आली. पुतणी मुलाला घेऊन माहेरीं आली होती. तो पणजीच्या आदोळीसमोर उकिडवा बसला. आईनें पोट फाडलें, दोन बोटें आंत घालून ती हिरवी पिशवी अलगद ओढली आणि माझ्या अनुभवांत प्रथमच ती टाकून न देतां त्याच्या तळहातावर ठेवली. त्याच्या स्वतःच्या पोटांत अशी पिशवी नाहीं. सुकलेल्या नळीबरोबर तीही काढून टाकली आहे, हें त्याला ठाऊक आहे. तो तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

"पणजी, ह्येच्यात पाणी खंयसून येता?"

आईनें मान वर करून माझ्याकडे पाहिलें. मी खडू आणावयास आंत गेलों.